डबाकाढू

वणीत नवी पिकअप आली की आधी गडावर देवीपुढे नारळ फुटतो आणि मग महिन्याभरात बॉनेटखालून काहीतरी काढलं जातं. त्याशिवाय गाडी आपली झाली असं मालकाला वाटत नाही. हा डबाकाढू वर्ग सगळ्या तालुक्यात पसरलेला आहे आणि त्याचा सिद्धांत एका ओळीचा आहे: कंपनीनं जे जे बसवलं, ते गाडी दाबून ठेवायला. सायलेन्सर दाबतो, कन्व्हर्टर दाबतो, आणि एअर फिल्टरच्या नळीला चिकटलेला काळा प्लास्टिकचा डबा तर दिवसाढवळ्या दाबतो. कंपनीच्या भाषेत तो रेझोनेटर. डबाकाढू तो कानाशी हलवून बघतो आणि म्हणतो, ‘आत काहीच नाही, भाऊ!’ हा रिकामेपणाच त्याच्या लेखी गुन्ह्याचा पुरावा असतो.

शस्त्रक्रिया बघण्यासारखी असते. क्लॅम्प ढिला होतो, दहा नंबरचा पाना फिरतो, एक हिसका बसतो आणि डबा बाहेर. नळीला उघड्या पडलेल्या भोकावर जुन्या ट्यूबचा तुकडा, त्यावर एम-सील. ते अंगठ्यानं दाबायचं आणि अंगठा पँटला पुसायचा. मग रेस दिली जाते. टर्बोची जी शीळ इतके दिवस डब्यात जिरत होती ती मोकळी सुटते आणि डबाकाढू मान तिरकी करून, नाट्यपदाला दाद द्यावी तशा चेहऱ्यानं ती ऐकतो. ‘मोकळी झाली गाडी!’ निकाल लागला. तोच माल भरून, त्याच गिअरात, घड्याळ लावून नांदुरीचा घाट एकदा डब्यासह आणि एकदा डब्याविना चढून बघितला असता तर खरा निकाल लागला असता. पण डबाकाढू ताकद कानानं मोजतो, आणि कान नेहमी त्याच्या बाजूनं साक्ष देतो. माझं म्हणणं एवढंच आहे, की त्याला ताकद नकोच असते. त्याला आवाज हवा असतो, आणि तसं सांगायची लाज वाटते म्हणून तो ताकदीचं नाव घेतो.

डबा रिकामा आहे हे खरं, पण रिकामा आहे म्हणूनच तो काम करतो. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की ठरावीक सुराचा हुंकार निघतो. या प्रकाराचा अभ्यास हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकात केला. इंजिनाच्या नळीला असा पोकळ कप्पा बाजूनं जोडला, की त्याच्या सुराशी जुळणारा आवाज नळीतल्या नळीत मारला जातो. बाजूनं, हे महत्त्वाचं. अडीच लीटरचं इंजिन 3,000 फेऱ्यांवर, टर्बो धरला नाही तरी, मिनिटाला सुमारे पावणेचार हजार लीटर हवा ओढतं. पण बाजूच्या कप्प्यातून त्या हवेला पलीकडे जायचंच नसतं, मग तो तिला अडवणार कसा? शिवाय टर्बोनं किती दाब द्यायचा आणि डिझेल किती सोडायचं हे हल्लीच्या गाडीत कॉम्प्युटर ठरवतो. डिझेल इंजिनात हवा मुळात गरजेपेक्षा जास्तच असते. ताकद डिझेलातून येते, आणि डबा काढला म्हणून कॉम्प्युटर खूश होऊन चमचाभर जास्त डिझेल देत नाही.

यावर डबाकाढूची उत्तरं तयार असतात. ‘अमेरिकेत पण काढतात.’ काढतात, पण तिथे ताकद वाढते ती बहुतेक कॉम्प्युटरची मांडणी बदलल्यामुळे. ‘कंपन्या काय साध्या असतात?’ नसतात; 2015 साली फोक्सवॅगनची धुराच्या चाचणीतली लबाडी जगापुढे आली. मात्र ती लबाडी सॉफ्टवेअरमध्ये होती, प्लास्टिकच्या डब्यात नव्हती. आणि जी कंपनी एकेका स्क्रूचे पैसे वाचवते ती निरुपयोगी डबा लाखो गाड्यांना फुकट कशाला लावेल? तो काढण्यात फायदा असता तर डबाकाढूच्या आधी तिनंच काढला असता. ‘लिलावाला वेळेत पोचायचं असतं’ हे उत्तर सर्वांत भारदस्त. पण गाडीत द्राक्षं असली तर हाच माणूस कॅरेटमध्ये कागद अंथरून घड तळहातावर घेऊन ठेवतो, आणि मणी गळू नयेत म्हणून प्रत्येक खड्ड्याला ब्रेक मारतो. टोमॅटो असले तर धावतपळत पिंपळगावला पोचून रांगेत उभा राहतो. रांगेत टर्बो काय कामाचा?

इथवर सगळं निरुपद्रवी आहे. हौसेला मोल नसतं, आणि घाटात काच खाली करून शीळ ऐकण्यात आनंद आहे हेही मान्य. खोट आहे ती एम-सीलमध्ये. डबा फिल्टरच्या पुढे, म्हणजे टर्बोच्या बाजूला असेल, तर ते ठिगळ उन्हानं आणि हादऱ्यांनी सुटलं की शिवाररस्त्याची धूळ गाळल्याविना थेट आत जाते. टर्बोचं चाक मिनिटाला लाखाच्या वर फेऱ्या घेतं. त्या वेगात मातीचा कण पात्यांची धार खातो आणि पुढे जाऊन लायनर घासतो. तेव्हा खरोखरच ताकद कमी होते, आणि डबाकाढू आणखी काय काढता येईल ते शोधू लागतो. आवाज फार झाला तर मोटार वाहन कायद्याचं कलम 190 आहेच. गाडी दमल्यासारखी वाटत असेल तर आधी फिल्टर बदला, इंटरकूलरच्या पाइपाला चीर आहे का बघा आणि दोन क्विंटल माल कमी भरा. एवढं करूनही डबा काढायचाच असेल तर निदान तो फेकू नका. गाडी विकायला काढाल तेव्हा बॉनेट उघडून गिऱ्हाईक पहिल्यांदा तोच मागतं.