बोहारणीने नेलेलं दशक

आमच्या घरात कापड कधी वाया गेलं नाही. त्यामुळे जुनी फॅशन म्हणून दाखवायला आज फारसं काही शिल्लकही नाही. साडी विरायची ती मधेच. काठ-पदर धड असायचे. त्याचं थोरलीला परकर-पोलकं व्हायचं. थोरली उंच झाली की तेच धाकटीला. पुढे त्यातून उशीचा अभ्रा, कुणाच्या तरी बाळाचं दुपटं, मग गोधडीतला आतला थर आणि सरतेशेवटी पायपुसणं. परदेशात म्हणे आजीचा पार्टीचा झगा नातीला माळ्यावरच्या पेटीत जसाच्या तसा सापडतो. आमच्या आजीची साडी सापडली तर दारात सापडते, आणि तोवर आपण तिला पाय पुसून आत आलेलो असतो.

या साखळीतून जे निसटलं ते भांड्यांच्या बदल्यात बोहारणीने नेलं. ती यायची दुपारी, घरातले पुरुष कामावर असताना. पाटी उतरवून उंबऱ्याबाहेर ऐसपैस बसायची, पँट उजेडाला धरून तिची बैठक तपासायची आणि म्हणायची, "बाई, अजून एक टाका." आई म्हणायची, "अगं, चांगली टेरिकॉटची आहे." पँट चांगली आहे याबद्दल दोघींत मतभेद नसे. वाद असे तो पातेलं झाकणासकट द्यायचं की झाकणाशिवाय, एवढाच. वडिलांची सत्तरच्या दशकातली सगळी बेलबॉटम-कारकीर्द अशी हप्त्याहप्त्याने स्वयंपाकघरात जमा झाली. आज ज्या डब्यात तूरडाळ आहे, ती त्यांची चॉकलेटी पँट. तिचं बॉटम चोवीस इंची होतं असं ते अजून अभिमानाने सांगतात. डबा त्या मानाने लहान मिळाला, ही आईची खंत.

हे सगळं आत्ता उकरून काढायला कारण घडलं ते दुकानाचं. माझ्या वयाच्या बाईसाठी हल्ली दुकानात दोनच प्रकारचे कपडे असतात: भजनी मंडळात शोभतील असे, आणि मुलीच्या कपाटातून चोरले असावेत असे. मधलं काही मागितलं की विक्रेती मुलगी सहानुभूतीने बघते. त्यापेक्षा आपणच एखादं दशक धरावं आणि त्यातून आपली म्हणून एक तऱ्हा काढावी, असं मी ठरवलं. साठचं दशक मला झेपणारं नव्हतं. त्यात केसांचे मनोरे आहेत, आणि मनोरा उभारायला आधी केस लागतात. ऐंशीत खांद्यांना गाद्या आहेत. सत्तर मात्र बेताचं वाटलं. शिवाय त्या काळच्या आमच्या घरच्या फोटोंतल्या बाया कॅमेऱ्याकडे अशा बघतात, की जणू काय घालावं हा प्रश्न त्यांना कधी पडलाच नव्हता.

अडचण एकच. फोटो काळे-पांढरे आहेत. महाबळेश्वरच्या एका फोटोत आई ठिपक्यांच्या साडीत उभी आहे. आई म्हणते, साडी आबोली होती. मावशी म्हणते, पिस्ता. कारण ती साडी मुळात मावशीची होती आणि आईने ती परत केलेली नाही. वडिलांना विचारलं तर ते म्हणाले, "साडी? मागे पॉइंट बघ, काय सुंदर आलाय." फोटोवरून रंग ठरवायला गेलं की घरातली जुनी भांडणं रंगीत होतात, हा शोध मला लागला, आणि मी अल्बम मिटून सिनेमाकडे वळले.

पण त्याआधी नायलॉनच्या साडीबद्दल सांगायला हवं, कारण त्या दशकाची आमच्याकडे उरलेली वस्तू तीच. सुती विरल्या, रेशमी जरीसाठी मोडीत गेल्या, ही मात्र ट्रंकेत काल घेतल्यासारखी पडून आहे. जांभळी, तिच्यावर नारिंगी फुलं, प्रत्येक फूल बशीएवढं. तिला कसर लागत नाही, ती विटत नाही, चुरगळत नाही, आणि बोहारणीनेही ती एकदा परत केली. तिच्यासारख्याच न विरणाऱ्या टेरिलीनचा शोध १९४१ साली मँचेस्टरच्या दोन रसायनशास्त्रज्ञांनी लावला. मँचेस्टरमध्ये पाऊस आणि गारठा असतो, हे आमच्याकडे लक्षात घेतलं गेलं नाही. कापूस आपल्या वजनाच्या आठेक टक्के ओल पोटात घेतो. पॉलिएस्टर, म्हणजेच टेरिलीन, अर्धा टक्कासुद्धा घेत नाही. तरी सत्तरच्या दशकातली आमच्याकडची सगळी लग्नं मे महिन्यात, पत्र्याच्या मांडवाखाली, टेरिलीनमध्ये लागली. त्या काळातल्या लग्नाच्या फोटोत वरपक्ष एवढा चकाकतो तो काही आनंदाने नव्हे.

आणि तरीही त्या कापडाची नवलाई मला कळते. आईच्या पिढीने कांजी, नीळ आणि इस्त्री यांत निम्मी सकाळ घालवली होती. धुऊन झटकलं की तासाभरात नेसता येणारी साडी ही तिच्यासाठी फॅशन नव्हती, सुट्टी होती. नोकरी करणाऱ्या बायकांनी ती उचलली यात नवल नाही. विद्या सिन्हाची प्रभा 'छोटी सी बात'मध्ये बसस्टॉपवर उभी असते, ती अशीच एखाद्या ऑफिसात जाणारी मुलगी. छापील साडी, खांद्याला पर्स, पदर असा की त्याच्याकडे पुन्हा बघायला लागू नये. हा चित्रपट १९७६चा, बासू चॅटर्जींचा. अमोल पालेकरचा अरुण तिच्या मागे रांगेत उभा राहतो आणि बोलायची हिंमत होत नाही म्हणून खंडाळ्याला एका कर्नलकडे धडे घ्यायला जातो. हा सिनेमा मी लहानपणी प्रेमकथा म्हणून पाहिला होता. आता पाहिला तो वही घेऊन. अरुण काय बोलला याकडे माझं लक्षच नव्हतं. प्रभाच्या ब्लाउजची बाही कुठे संपते हे बघण्यासाठी मी चित्र थांबवत होते. घरच्यांनी मला एकटीला सोडून दिलं.

पालेकरांबद्दल एक गोष्ट मला नेहमी आवडते. ते सिनेमात येण्यापूर्वी खरोखरच बँकेत नोकरीला होते. त्यामुळे त्यांच्या अंगावरचा शर्ट नेपथ्य वाटत नाही. तो माणूस तो शर्ट घालून खरोखरच कुठेतरी सही करायला चालला आहे असं वाटतं. त्याच सुमारास राज कपूरच्या 'बॉबी'ने (१९७३) ठिपक्यांना इतकं वेड लावलं होतं की ठिपके असलेलं काहीही, अगदी पडद्याचं कापडसुद्धा, 'बॉबी प्रिंट' म्हणून खपायचं. 'बॉबी' बघून आपण वेगळे दिसावं असं वाटतं. 'छोटी सी बात' बघून आपण जसे आहोत तसेच जरा बरे दिसावं असं वाटतं. मला दुसरं परवडतं.

पुरुषांनी मात्र त्या दशकात कमाल केली. काकांच्या लग्नाआधीच्या फोटोत त्यांचे कल्ले जबड्यापर्यंत आलेले आहेत आणि शर्टाची डॉग कॉलर दोन्ही खांद्यांच्या दिशेने निघालेली आहे. बेलबॉटम मूळची खलाशांची; डेक धुताना गुडघ्यापर्यंत दुमडता यावी म्हणून पायाशी रुंद. काकांचा समुद्राशी संबंध गिरगाव चौपाटीपुरता. ती पँट जमिनीवर घासून काठ फाटायचे, म्हणून लोक खाली जुनी चेन शिवून घ्यायचे. रस्ता झाडत जाणारी आणि चालताना किणकिणणारी ही पँट घालून काका मुलगी बघायला गेले होते, आणि होकार आला. सफारीचं म्हणाल तर ती अजून आहे. सरकारी कचेरीत आहे, मंत्र्यांच्या मागे उभ्या असलेल्या माणसांच्या अंगावर आहे, आणि न शिवलेले सफारीपीस आहेरातून एका जावयाकडून दुसऱ्या जावयाकडे फिरत आहेत. त्या काळात मराठी पडद्यावर एका माणसाचा पोशाख या सगळ्यांपेक्षा पक्का होता. १९७१च्या 'सोंगाड्या'पासून दादा कोंडक्यांची ढगळ अर्धी चड्डी आणि लोंबती नाडी महाराष्ट्राने डोक्यावर घेतली. अंगावर मात्र कुणी घेतली नाही.

बायकांच्या बाजूला एक नाव घ्यायलाच हवं. कोल्हापूरच्या भानू राजोपाध्ये, म्हणजे पुढच्या भानू अथय्या. १९८३ मध्ये 'गांधी'च्या वेशभूषेसाठी त्यांना ऑस्कर मिळालं, आणि ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. पण आमच्या घरातल्या बायकांना त्यांनी ऑस्करच्या कितीतरी आधी कामाला लावलं होतं. 'ब्रह्मचारी'त (१९६८) मुमताजने घातलेली ती घट्ट केशरी साडी त्यांची. ती शिवलेली होती, तिला चेन होती. म्हणजे ती नेसायची नव्हतीच, घालायची होती. हे प्रेक्षकांना कोण सांगणार? पुढची काही वर्षं मावशी तसली साडी सेफ्टी पिनांनी जमवायचा प्रयत्न करत होती आणि जिना आडवी होऊन उतरत होती.

माझा कौल शेवटी स्मिता पाटीलला गेला. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं आणि ती तिथे मराठी बातम्या वाचायची. जीन्सवरच साडी गुंडाळून ती कॅमेऱ्यासमोर बसायची, असं तिच्याबद्दल सांगतात. टेबलाच्या वर हातमाग, टेबलाखाली जीन्स. रंगीत प्रक्षेपण आलं १९८२ मध्ये, म्हणजे तिच्या साडीचा रंग प्रेक्षकांना दिसतच नव्हता. तरी बायका बातम्या संपेपर्यंत साडीकडे बघत बसायच्या. घरून ऑफिसचं काम करताना वर इस्त्रीचा कुर्ता आणि खाली घरातला पायजमा घालून मीटिंगला बसलेल्या आपण सगळ्या तिच्याच शिष्या. फक्त ती उठून बाहेर जाऊ शकत होती.

ठरलं, तशी मी हातमागाची साडी शोधायला निघाले. भाचीही बरोबर आली. तिला बेलबॉटम हवी होती, जिला आता 'फ्लेअर' म्हणतात, आणि ती मिळाली लोअर परळच्या फिनिक्स मॉलमध्ये. तिथे पूर्वी फिनिक्स मिल होती. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि बहुतेकांना परत जायला गिरणीच उरली नाही. वडिलांच्या पँटीचं कापड अशाच कुठल्यातरी आवारात विणलं गेलं असणार. आता त्याच आवारात बाहेर देशात शिवून आलेली तीच पँट टांगलेली होती, आणि तिच्या किमतीत आमच्या बोहारणीने अख्खी मांडणी लावून दिली असती. भाचीने ती घेतली. छान दिसली तिला, हे कबूल करायला हवं.

मला हवी तशी साडी मिळाली: मातकट, लाल काठाची, अंगाबरोबर वागणारी. उरला ब्लाउज. आमचे टेलर मास्तर सज्जन आहेत, पण ते आजच्या काळात राहतात. मी म्हटलं, "साधा शिवायचा. बाही कोपराच्या वर, गळा बेताचा." ते वाट बघत राहिले. मग म्हणाले, "पाठीला नाडी?" नको. "लटकन?" नको. "निदान पायपिंग तरी, ताई." मी मोबाइलवर विद्या सिन्हाचा फोटो दाखवला. त्यांनी तो बोटांनी मोठा केला, बराच वेळ खांद्याची शिवण न्याहाळली आणि म्हणाले, "हे काम चांगलंय. असं शिवलं की चूक लपवायला जागा राहत नाही." मग त्यांनी माझं माप पुन्हा घेतलं.

रंगाचं मी आईकडून उचललं. त्या सगळ्या फोटोंत, साडी कुठलीही असो, आईचा ब्लाउज काळा तरी आहे नाहीतर पांढरा. मी त्यात एक ठाम दृष्टी पाहिली. रंगांचा संयम, सहीसारखी एकच खूण, वगैरे. मैत्रिणींना तसं समजावूनही सांगितलं. मॅचिंगचा जमाना गेला, विरोधी रंगानेच साडी उठते, एवढं मी बोलले. सत्तरच्या दशकात आई दोन ब्लाउजांवर वर्ष काढायची आणि दिवाळीला एकाच ताग्यातून आम्हा सगळ्या भावंडांचे कपडे बेतून बँडपथक उभं करायची, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण गरजेला पुरेशी वर्षं लोटली की तिला सौंदर्यदृष्टी म्हणायची मुभा मिळते, आणि ती मी घेतली.

तर ती साडी, काळा ब्लाउज, मोठं कुंकू आणि सैल अंबाडा अशा थाटात मी मावशीकडे हळदीकुंकवाला गेले. बायकांनी वळून पाहिलं. एकीने साडी कुठली विचारलं, दुसरीने तर स्मिता पाटीलचं नावही घेतलं. मी फार मेहनत न घेतल्यासारखं हसले. मावशीने चष्मा लावून मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं, आणि हाताला धरून आतल्या खोलीत नेलं.

"मॅचिंग मिळालं नाही का गं?"

मी तिला सांगायला लागले, की हे मुद्दाम आहे, ही तुमच्याच काळची तऱ्हा आहे, तुमच्याच फोटोंवरून घेतली आहे. मावशी ऐकत होती, पण कपाटात हात घालून. तिथे ओटीत आलेल्या ब्लाउजपीसांची चळत आहे, रंगवार लावलेली. त्यातून तिने काठाशी लावून बघत एक लाल काढला, पुन्हा ठेवला, दुसरा काढला.

"हा घे. टू बाय टू आहे, रंग जाणार नाही," ती म्हणाली. "आणि मास्तरांना सांग, माया जरा जास्त ठेवा. जाड व्हायला लागलीस."