आधी शिका, मग मेथी विका

पथारीवर भाजी विकणाऱ्या बायांना ‘उद्योजिका’ करण्याचा विडा एका महापालिकेने उचलला, याबद्दल तिचे अभिनंदन. शिबिराची वेळ सकाळी दहा, म्हणजे ऐन गिऱ्हाइकीची. पहिल्या रांगेतल्या मावशींची भवानीही झाली नव्हती.

पडद्यावर अक्षरे उमटली : ‘आपला ग्राहक ओळखा’. मावशी ओळखतातच. भाव विचारून दोन पावले पुढे गेलेली बाई परत येणार की नाही, हे त्यांना तिच्या पिशवीवरून कळते. मेथीवर किती वेळा पाणी मारायचे, उन्हे कलली की जुडीमागे किती सोडायचे, हा हिशेब कागदाविना चालतो.

सरांनी विचारले, “भांडवल म्हणजे काय?”

“सकाळी नऊशे घ्यायचे, सांजच्याला हजार द्यायचे.”

“अहो, हे तर दिवसाला अकरा टक्के झाले!”

“मग तुम्ही देता का कमीनं?”

सर घाईने ‘ब्रँडिंग’कडे वळले. कमी व्याजाचे कर्ज आहे हो! 2020 पासून स्वनिधी योजना आहे, तारणाची गरज नाही. फक्त पालिकेने तुम्हाला विक्रेता मानल्याचा कागद हवा. पालिका मानते ते प्रशिक्षणार्थी म्हणून. विक्रेता म्हणून दिसलात की अतिक्रमण!

तेवढ्यात खालून आरोळी आली, “गाडी आली!” सभागृह निम्मे रिकामे झाले. अहवालात याची नोंद ‘चहापान’ अशी होईल.

खरे तर 2014 चा पथविक्रेता कायदा सांगतो की सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रे मिळेपर्यंत कोणालाही उठवायचे नाही. शहर फेरीविक्रेता समितीत किमान 40 टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे, त्यांत एक तृतीयांश बाया. जप्त केलेला नाशवंत माल मागणी होताच त्याच दिवशी परत. पालेभाजी नाशवंत असते, हे मात्र अतिक्रमण विभागाला कोणीतरी शिकवायला हवे.

म्हणून पुढचे शिबिर त्या विभागासाठी भरवावे. मावशी शिकवतील, मानधन रोख द्यावे, त्यांना हजार परत करायचे असतात. आणि वाचकहो, तोवर तुम्ही एवढेच करा : दहाच्या जुडीवर फुकटची कोथिंबीर मागू नका.