गणपूर्तीविना सार्वभौम
रायपूरहून बिलासपूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यालगत सिलतरा येथे, जिथे स्पंज आयर्नच्या भट्ट्यांची काजळी दोरीवरच्या ओल्या धुण्यावरही बिनदिक्कत बसते, तिथला विद्यार्थी लोकशाहीत जनता सार्वभौम असते हे घोकून नागरिकशास्त्रात पैकीच्या पैकी गुण मिळवतो, ही शिक्षणखात्याची कामगिरी निःसंशय अभिनंदनीय होय. मात्र १४ सप्टेंबर २००६ची केंद्र सरकारची पर्यावरणविषयक अधिसूचना त्याच्या अभ्यासक्रमात नाही, हे त्याचे भाग्य. कारखान्यापूर्वी जनसुनावणी घ्यावी, तीस दिवस आधी जाहीर नोटीस द्यावी, पर्यावरणावरील परिणामांच्या अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत ठेवावा, इतके सौजन्य दाखवून ती हळूच फर्मावते, की सुनावणी सुरू करण्यास गणपूर्तीची अट नाही. आणि मंजूर औद्योगिक वसाहतीच्या हद्दीतील प्रकल्पांना तर, काही अटींवर, सुनावणीच माफ! ग्रामसभेला गणपूर्ती लागते, पटावरची चार पोरे गैरहजर राहिली तर मास्तरांना जाब द्यावा लागतो. सार्वभौम जनता तेवढी नसली तरी कामकाज रीतसर चालते. तेव्हा पाठ्यपुस्तकाच्या पुढील आवृत्तीत त्या वाक्याखाली ‘हजेरी ऐच्छिक’ एवढी तळटीप जोडावी, अशी शिक्षणखात्यास नम्र विनंती आहे.