काजव्यांच्या गैरशिस्तीबाबत खुले पत्र

प्रति,
काजवे, कडे, कुंडे, धबधबे व तत्सम आकर्षणे,
तालुका अकोले, जिल्हा अहिल्यानगर.

विषय : शनिवार-रविवारच्या पर्यटकांची होणारी गैरसोय.

अकोले तालुक्याचा पश्चिम भाग सह्याद्रीच्या ऐन माथ्यावर आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेल्या लाव्ह्याचा हा काळा पाषाण. त्यातच महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई (१,६४६ मीटर), रतनगड, हरिश्चंद्रगड आणि त्यांच्यामधल्या दऱ्या येतात. १९८६ मध्ये येथील ३६१.७१ चौरस किलोमीटर क्षेत्र कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य म्हणून जाहीर झाले. वस्ती मुख्यतः महादेव कोळी आणि ठाकर समाजाची. मुंबई, पुणे व नाशिक या तिन्ही शहरांतून शनिवारी पहाटे निघून रविवारी रात्री घरी पोहोचता येईल अशा जागी हा मुलूख वसला, यात त्याचा दोष नाही. मात्र एवढी सोयीची जागा मिळूनही येथील आकर्षणांनी सोयीचे वर्तन अंगी बाणवलेले नाही, अशा तक्रारी पर्यटकांकडून सातत्याने येत असतात. त्यांचा तपशील पुढे दिला आहे.

सर्वाधिक तक्रारी काजव्यांविरुद्ध आहेत. भंडारदऱ्याच्या जलाशयाभोवती घाटघर, उडदावणे, पांजरे, मुरशेत या गावांच्या शिवारात मेच्या अखेरीपासून जूनमध्ये पाऊस जोर धरेपर्यंत काजवे दिसतात. तारीख मात्र ते आधी कळवत नाहीत. वळवाच्या सरी लवकर पडल्या तर लवकर, लांबल्या तर उशिरा, आणि मुसळधार पाऊस सुरू झाला की कोणतीही पूर्वसूचना न देता बंद. हॉटेलचे आगाऊ भरलेले पैसे परत मिळत नाहीत, ही बाब त्यांनी विचारात घेतल्याचे दिसत नाही.

काजव्याचा दिनक्रम पाहता त्याला वेळच नाही, असा बचाव मांडला जातो. त्याचे बहुतेक आयुष्य अळीच्या रूपात ओलसर मातीत आणि पालापाचोळ्यात, गोगलगाई खाऊन जाते. पंख फुटल्यावर हाती उरतात ते थोडे आठवडे, आणि तेही लग्न जुळवण्यात खर्च होतात. पोटाच्या टोकाशी ल्युसिफेरिन नावाच्या द्रव्याचा प्राणवायूशी संयोग होतो आणि जवळजवळ उष्णतारहित असा प्रकाश पडतो. नर ठरावीक अंतराने लुकलुकतो, मादी झुडपातून उत्तर देते. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर असंख्य नर एकाच लयीत उजळतात आणि एकदम विझतात. अख्खे झाड श्वास घेत असल्याचा भास होतो. हा सगळा व्यवहार काळोखाच्या भरवशावर चालतो. मोटारीचे दिवे किंवा मोबाइलची विजेरी पडली की नराची खूण मादीला दिसत नाही, तिचे उत्तर त्याला दिसत नाही, आणि झाड मुकाट होते. पर्यटकांनी या मुकाट होण्याची नोंद ‘असहकार’ अशी केली आहे. झाड नीट दिसावे म्हणून त्यावर प्रकाशझोत टाकला असता त्यावरचे काजवे दिसेनासे होतात, ही गोष्ट तर उघड फसवणुकीत मोडते, असे तक्रारदारांचे म्हणणे आहे. याच झाडांखाली गाड्या लावल्याने पुढच्या वर्षीच्या अंडी-अळ्या चाकांखाली येतात; त्यामुळे काजव्यांची संख्या घटल्यास त्याचाही खुलासा काजव्यांकडूनच मागवण्यात येईल.

हरिश्चंद्रगडाचे प्रकरण जुने आहे. पाचनईची वाट सोपी, खिरेश्वरहून टोलार खिंडीची वाट लांबची, आणि नळीची वाट ज्यांना आपले काय होणार हे ठाऊक आहे त्यांच्यासाठी. गडाच्या पश्चिम अंगाला कोकणकडा आहे. हा कडा सरळ तुटलेला असता तर निदान समजण्याजोगा होता; तो आतल्या बाजूला वळला आहे आणि काठावर उभे राहणाऱ्याच्या पायाखाली काय आहे हे त्याला दिसतच नाही. कठडा नाही. वारा खालून वर येतो आणि हलक्या वस्तू परत फेकतो. दरीत भिरकावलेली वेफर्सची पिशवी मालकाच्या तोंडावर येऊन बसते, असा या कड्याचा उद्धट लौकिक आहे. सकाळी सूर्य पाठीशी आणि समोर दरीत धुके असेल तर येथे इंद्रवज्र, म्हणजे पूर्ण गोल इंद्रधनुष्य, दिसते आणि पाहणाऱ्याची सावली त्याच्या मधोमध पडते. प्रत्येकाला केंद्रस्थानी फक्त स्वतःची सावली दिसत असल्याने या एका बाबतीत पर्यटकांनी समाधान व्यक्त केले आहे.

गडावरचे हरिश्चंद्रेश्वराचे मंदिर दगडी कोरीवकामाचा उत्तम नमुना आहे. त्याच्या परिसरातील लेखांत चांगदेवांचे नाव येते. ‘तत्त्वसार’ हा ग्रंथ त्यांनी याच गडावर शके १२३४ मध्ये रचल्याचे सांगतात. त्या काळी गडावर चहाची सोय नव्हती, तरी ग्रंथ पूर्ण झाला. मंदिराजवळच्या केदारेश्वराच्या गुहेत कमरेइतक्या पाण्यात मोठे शिवलिंग आहे. हे पाणी ऐन उन्हाळ्यातही गार असते, याबद्दल लेखी नाराजी आलेली आहे. लिंगाभोवतीच्या चार खांबांपैकी एकच शाबूत आहे. हे चार खांब म्हणजे चार युगे आणि शेवटचा पडला की जगाचा अंत, अशी लोकसमजूत आहे. त्या उरलेल्या खांबाला मिठी मारून छायाचित्र काढण्याचा उत्साह पाहता कलियुगाच्या मुदतीचा फेरविचार करावा लागेल. सप्ततीर्थ पुष्करणीच्या काठच्या कोनाड्यांविषयी तक्रार नाही, कारण तिकडे फारसे कोणी वळत नाही.

साम्रदच्या सांदण दरीचा दोष एवढाच की ती अरुंद आहे. पाषाणाला पडलेली ही खोल भेग काही ठिकाणी दोन माणसांना शेजारी चालू देत नाही. पावसाळ्यात वरचे पाणी हिच्यातूनच धावते आणि तेव्हा आत असलेल्याला बाजूला सरकायला जागा नसते. म्हणून पावसात दरीत उतरू नये असे गावकरी सांगतात. ही सूचना पर्यटक गावकऱ्यांचा स्वभाव म्हणून ऐकतात.

रतनवाडीच्या अमृतेश्वर मंदिराचे शिल्पकाम शिलाहारकाळातले मानले जाते. वर रतनगडाला आरपार नेढे आहे आणि याच डोंगरात प्रवरा उगम पावते. नेढ्यात बसायची जागा मर्यादित असून आरक्षणाची व्यवस्था नाही.

संपूर्ण तालुक्यात शिस्तीचे म्हणावे असे आकर्षण एकच : भंडारदऱ्याचा अंब्रेला धबधबा. धरणातून पाणी सोडले की तो छत्रीसारखा उघडतो, बंद केले की मिटतो. इतर धबधब्यांनी त्याचा आदर्श ठेवावा. प्रवरेवरचे हे धरण ब्रिटिश अमदानीत बांधले गेले आणि १९२६ मध्ये पुरे झाले. विल्सन डॅम हे त्याचे तेव्हाचे नाव, तर जलाशयाला आर्थर लेक म्हणत. आता जलाशयाला राघोजी भांगरे यांचे नाव आहे. याच तालुक्यातील देवगावचे राघोजी हे सावकार आणि इंग्रज अशा दोघांविरुद्ध उठले; २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आली. धरणाचे पाणी कालव्यांनी खालच्या कोरड्या मुलखात गेले, तिथे ऊस उभा राहिला आणि प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना निघाला. पाणलोटातल्या पाड्यांना मात्र उन्हाळ्यात हंडा घेऊन चालावे लागते. जलाशयाकाठी बसून गोड चहा पिणाऱ्याला हा हिशेब सांगण्याची जबाबदारी कोणत्याही आकर्षणावर सोपवलेली नाही.

राहता राहिले माणसांचे. जुलैमध्ये पर्यटन ऐन भरात येते, नेमके तेव्हाच येथील कुटुंबे भाताच्या आवणीत चिखलात वाकलेली असतात आणि पिठले-भाकरीला उशीर होतो. रस्त्यात गाड्या आडव्या लागल्या की आवणीला निघालेली माणसे हॉर्न ऐकत उभी राहतात. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी वाणांची बियाणी जपली आणि त्यांना २०२० चा पद्मश्री जाहीर झाला. त्या वाणांचा भात ताटात आल्यावर ‘बासमती नाही का’ अशी विचारणा होते.

तरी सर्व संबंधितांना कळविण्यात येते की, काजव्यांनी शनिवारी रात्री आठ ते दहा या वेळेत, कॅमेऱ्याला झेपेल इतका प्रकाश द्यावा. कोकणकड्याने आतले वळण सरळ करून घ्यावे. केदारेश्वराने पाणी कोमट ठेवावे. सांदण दरीने रुंदीकरणाचा प्रस्ताव सादर करावा. आवणी सोमवार ते शुक्रवार उरकावी. खुलासा येत्या मृगापूर्वी पोहोचणे आवश्यक आहे.

प्रत माहितीसाठी : नैर्ऋत्य मोसमी वारे.