कातड्याएवढे राज्य

मनुष्याचे वय वाढते हे मला तत्त्वतः मान्य असले, तरी ते नेमके माझेच वाढावे यात निसर्गाचा काही तरी दप्तरी घोटाळा झाला असला पाहिजे, अशी शंका मला गेली काही वर्षे सतावीत आहे. कारण सरकारी कोषागारात उभी हयात जमाखर्चाचे ताळे जुळविण्यात घालविलेल्या माझ्यासारख्या माणसाला, शरीराची रोजकीर्द आणि मनाची खतावणी यांच्यातील तफावत कोणत्याही तपासनिसापुढे टिकणारी नाही, हे पहिल्या दृष्टिक्षेपातच कळते. मनाच्या खतावणीत माझे वय बेचाळीस आहे. शरीराच्या रोजकिर्दीत, सेवापुस्तकाच्या साक्षीने, ते अडुसष्ट आहे. मधली सव्वीस वर्षे कोठे खर्ची पडली याचा खुलासा गुडघ्यांकडे मागितला असता ते केवळ कुरकुरतात.

आमच्या डॉक्टरांपाशी या विकारावर एकच औषध आहे, आणि ते म्हणजे ‘जपून’ हा शब्द. जिना चढायचा तो जपून, आंबा खायचा तो जपून, हसायचे ते जपून. हे जपणे इतके वाढले, की मी माणूस नसून बरणीतले लोणचे आहे असे मला वाटू लागले; आणि त्या बरणीचे झाकण उघडण्याच्या उद्देशानेच, गेल्या माघात, नाशिकहून जव्हार-मोखाड्याच्या स्वारीचा बेत मी जाहीर केला. स्वारीचे आधिपत्य आमच्या एका स्नेह्यांकडे होते. त्यांचे वय शहात्तर, चाल तिशीची आणि आवाज कवायतीच्या मैदानावरचा असल्यामुळे त्यांना आम्ही सरसेनापती म्हणतो. त्यांच्या मनगटावर पावले मोजणारे घड्याळ असून, दिवसाची दहा हजार पावले भरल्याखेरीज ते रात्री अंथरुणास पाठ लावीत नाहीत. क्वचित हिशेब कमी पडल्यास बाराच्या ठोक्यापर्यंत शयनगृहात येरझारा घालून तो पुरा करतात. सौभाग्यवती मात्र, “दोन म्हाताऱ्यांना मोकळे सोडणे बरे दिसत नाही,” एवढ्याच कारणास्तव आमच्यात सामील झाल्या, आणि त्यांच्या पिशवीत गुडघ्यांचे पट्टे, शेकण्याची पिशवी, महानारायण तेल व ओव्याची पुडी असा, एखाद्या लहानशा संस्थानाला पुरेल इतका दारूगोळा होता.

एस.टी.च्या तिकिटापाशीच पहिली चकमक झडली. मायबाप सरकारने पासष्ट ते पंचाहत्तर वयाच्या प्रवाशांना अर्धे तिकीट आणि, ऑगस्ट 2022 पासून, पंचाहत्तरी उलटलेल्यांना पूर्ण माफी दिली आहे. ज्या प्रमाणात शरीर आपल्या सवलती काढून घेते त्याच प्रमाणात सरकार आपल्या सवलती वाढविते, असे हे मोठे न्याय्य धोरण आहे. सरसेनापतींनी आपले आधारकार्ड विजयी मुद्रेने पुढे केले आणि शून्य रुपयांचे तिकीट मानपत्र स्वीकारावे तसे स्वीकारले. सौभाग्यवतींना, मार्च 2023 पासून सर्वच स्त्रियांना असलेल्या सवलतीमुळे, वय न सांगताच अर्धे तिकीट मिळाले, आणि स्त्रियांचे मन ओळखणारा कोणी तरी मुत्सद्दी मंत्रालयात बसलेला असावा याची माझी खात्री पटली. मीही कार्डासाठी खिशात हात घातला. पण वाहकाने माझ्याकडे एकवार पाहिले, “राहू द्या काका,” असे अत्यंत आदराने म्हटले, आणि पुराव्यावाचूनच माझ्या हातावर अर्धे तिकीट ठेवले. त्या आदराने मला जी जखम झाली ती त्र्यंबकेश्वर मागे पडून तोरंगणचा घाट लागेपर्यंत वाहत होती.

घाटात माझ्या शेजारी एक शेतकरी येऊन बसला. त्याच्या चेहऱ्यावरील सुरकुत्या पाहता तो ऐंशीच्या अलीकडचा असणे अशक्य होते. तथापि त्यालाही अर्धेच तिकीट मिळालेले पाहून मी कुतूहलाने वय विचारले. “कार्डावर एकाहत्तर,” तो म्हणाला. खेड्यापाड्यांत एके काळी शाळामास्तरांनी अवघ्या वर्गाचा जन्म 1 जूनला घडवून आणला, हे मला माहीत होते. पण कार्डावरचे आणि अंगावरचे अशी दोन वये निर्वेधपणे बाळगून, त्यांचा ताळा जुळविण्याच्या फंदात न पडता कोंबडीसह प्रवास करणारा मनुष्य मी प्रथमच पाहत होतो. मी सव्वीस वर्षांच्या तफावतीने हैराण झालो होतो, आणि हा गृहस्थ नऊ वर्षांची तफावत मांडीवर घेऊन घोरत होता.

जव्हार हे गाव जागचे न हलता तीन अमलांखाली नांदलेले आहे. 1948 पर्यंत ते मुकणे राजघराण्याच्या संस्थानाची राजधानी होते. संस्थान विलीन झाल्यावर ते ठाणे जिल्ह्यात गेले. आणि 1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर जिल्हा निर्माण झाला तेव्हा त्याने पुन्हा एकदा, झोपेत कूस बदलावी तितक्या सहजतेने, जिल्हा बदलला. मला या गावाविषयी तत्काळ बंधुभाव वाटला. मीही कोठे न जाता तरुणाचा प्रौढ आणि प्रौढाचा ज्येष्ठ नागरिक झालो आहे, आणि प्रत्येक फेरफाराची नोंद माझी संमती न विचारताच झालेली आहे. या संस्थानाधिपतींना इंग्रजी अमदानीत नऊ तोफांच्या सलामीचा मान होता, ही माहिती सरसेनापती जयविलास राजवाड्याच्या टेकडीवर मोठ्या आवेशाने देत असता मी एका दगडावरून उठलो, आणि माझ्या दोन्ही गुडघ्यांनी तो मान अशा कडकडाटासह अदा केला, की सौभाग्यवतींनी हळूच बोटे मोजली व म्हणाल्या, “सातच झाल्या हो.”

परंतु या संस्थानाची खरी दौलत म्हणजे त्याच्या स्थापनेची आख्यायिका. मूळ पुरुष जयाबा मुकणे याने, असे सांगतात, एका सत्ताधीशापाशी बैलाच्या एका कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली. एवढ्याशा मागणीला नकार कोण देतो? जमीन मंजूर होताच त्याने त्या कातड्याची बारीक वादी कापली आणि तिने वेढा घालून भले थोरले क्षेत्र आपलेसे केले. पुढे 1343 मध्ये त्याच्या मुलाच्या राज्याला दिल्लीच्या सुलतानाची मान्यता मिळाली म्हणतात. अशी कथा इतर देशांतही सांगितली जाते, हे मी जाणतो. पण ती ऐकताना माझ्या मनात जो प्रकाश पडला तो शुद्ध जव्हारी होता. माझ्या वाट्यालाही आता कातडेच उरले आहे, आणि ते मोठे नाही. डॉक्टरांचे म्हणणे असे, की ते अंगणात अंथरून त्यावर स्वस्थ बसावे. जयाबांचे म्हणणे असे, की त्याची वादी कापावी. शिवाय वयोमानाने माझे कातडे बरेच सैल पडले असल्यामुळे वादी अपेक्षेपेक्षा लांब निघण्याचा संभव होता.

ही वादी दुसऱ्या दिवशी आम्ही दाभोशाच्या धबधब्यापर्यंत ओढीत नेली. लेंडी नदी येथे सुमारे 300 फूट खाली उडी घेते. नदीचे वय कोणी विचारीत नाही, म्हणून तिला हे साधते. माघात तिची धार बारीक झालेली होती, आणि काही तरुण मंडळी कमरेला दोर बांधून कड्यावरून खाली उतरत होती. सरसेनापतींनी त्या दोराकडे ज्या दृष्टीने पाहिले ती ओळखून सौभाग्यवतींनी त्यांच्या हाती तत्परतेने लाडू दिला. आम्ही पायवाटेनेच उतरू लागलो. उतरताना असे ध्यानात येते, की तारुण्यात माणूस चढणीला भितो आणि वार्धक्यात उताराला. कारण चढणीवर दम मागतो आणि उतारावर गुडघा, आणि दम हा उधारीवर मिळतो, गुडघा मिळत नाही. तळाचा डोह दिसू लागला, आणि त्याच क्षणी माझा उजवा पाय, एखाद्या बंडखोर जहागीरदाराप्रमाणे, केंद्रसत्तेची परवानगी न घेता पुढे निघून गेला. बाकीचे संस्थान त्याच्या मागोमाग बसल्या बैठकीवर, चिखलाच्या एका प्रशस्त पट्ट्यावरून घसरत थेट डोहाकाठी पोचले. वरून टाळ्यांचा आवाज आला. “वेळ उत्तम नोंदवलीत!” सरसेनापती ओरडले. सौभाग्यवती काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त पिशवीतून कोरडी विजार काढली, आणि ती त्यांनी नाशिकहूनच या प्रसंगासाठी आणली होती, हे मला त्या पतनापेक्षा अधिक लागले. चिखलाने माखलेली विजार, होती तशीच गुंडाळून, पिशवीच्या तळाशी गेली.

तिसऱ्या दिवशी मोखाडा तालुक्यातील सूर्यमाळच्या पठारावर, घड्याळातील पावले भरून काढण्यासाठी, आम्ही सकाळीच बाहेर पडलो. वाटेत डोक्यावर सरपणाची मोळी घेतलेली एक आजी भेटली. मोळी एका बांधावर टेकवून ती आमच्याकडे, आणि विशेषतः दर चार पावलांनी मनगट पाहणाऱ्या सरसेनापतींकडे, काळजीने पाहू लागली.

“काय हरवलंय, बाबा?”

“काही नाही, आजी. चालायला आलोय,” मी म्हणालो.

“चालून कुठं जायचंय?”

“कुठंच नाही. तिथवर जायचं आणि परत यायचं.”

आजीने थोडा वेळ विचार केला. मग आमचे काही तरी हरवलेच आहे आणि लाजेस्तव आम्ही ते सांगत नाही, अशा निष्कर्षाप्रत येऊन, “सापडंल, सापडंल,” असा धीर देऊन, तिने मोळी पुन्हा डोक्यावर चढविली. त्या दिवशी घड्याळाने बारा हजार पावले दाखविली, पण सरसेनापतींनी ती नेहमीप्रमाणे मोठ्याने जाहीर केली नाहीत. याच तालुक्याच्या खोऱ्यातून वैतरणा वाहते. तिच्यावरचे, 2014 साली पुरे झालेले, शंभर मीटरहून उंच असे मध्य वैतरणा धरण मुंबईची तहान भागविते, आणि उन्हाळ्यात इथल्या पाड्यांवरच्या बायका हंडाभर पाण्यासाठी कोसाची वाट तुडवितात. त्या पावलांची मोजदाद कोणत्याच घड्याळात होत नाही. आपण ज्याला साहस म्हणून सुटी काढतो, ते येथे सकाळच्या कामांच्या यादीत असते, ही जाणीव सुखावह नसली तरी प्रकृतीला हितकर आहे. माझ्या गुडघ्यांनी तरी त्यानंतर दिवसभर तक्रार अर्ज केला नाही.

सायंकाळी एका पाड्यावर तारपा वाजला. सुकविलेला भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाचे पान आणि मेण एवढ्या सामग्रीतून निघणारा तो गंभीर, मधमाश्यांच्या मोहळासारखा घुमणारा नाद एकदा सुरू झाला, की थांबत नाही; कारण वादक नाकाने श्वास आत घेतो त्याच वेळी गालांत साठविलेला वारा वाद्यात सोडीत असतो. प्राणायामाच्या वर्गात शुल्क भरूनही मला एका नाकपुडीचा हिशेब दुसऱ्या नाकपुडीशी जुळविता आलेला नाही. शेजारच्या जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा या तारपावादकांना 2026 च्या जानेवारीत पद्मश्री जाहीर झाली तेव्हा ते नव्वदीच्या घरात होते. नव्वदाव्या वर्षी फुगा फुगवून दाखविणाऱ्यासही आमच्या नाशकात हारतुरे मिळतील. मग ज्या छातीने जन्मभर अवघ्या पाड्याला नाचविले तिची थोरवी काय सांगावी!

एकमेकांच्या कमरेभोवती हात गुंफून स्त्रीपुरुषांची साखळी वादकाभोवती फिरू लागली. या नाचात तारप्याकडे पाठ करायची नाही, एवढा एकच दंडक. वयाची अट नाही, पुरावा नाही, दाखला नाही. एका पोराने माझा हात धरून मला साखळीत ओढले, आणि सौभाग्यवती “अहो, जपून—” एवढे म्हणतात न म्हणतात तोच त्यांनाही कोणी तरी ओढले. पहिला फेरा मी पावले मोजण्यात घालविला. दुसऱ्यात ती चुकली. तिसऱ्या फेऱ्यात माझ्या असे ध्यानात आले, की उजवीकडची मुलगी आणि डावीकडचे म्हातारबुवा यांनी दोन्ही बाजूंनी मला इतके घट्ट धरले आहे, की माझा गुडघा आता एकट्या माझ्या अखत्यारीतला राहिलेलाच नाही. तो सामुदायिक मालकीचा झाला होता. इतक्या वर्षांत त्या अवयवाच्या व्यवस्थापनातून मला मिळालेली ती पहिली रजा. जयाबांची वादी अखेर वर्तुळच असणार, हे मला तेव्हा उमगले: जेवढे कातडे आहे तेवढ्यात एकट्याने मारलेली सरळ धाव फार लांब जात नाही, पण इतरांच्या हातांत हात घालून तेच वळवीत नेले, तर आत पुष्कळ काही मावते. सरसेनापती किती फेरे नाचले हे सांगता येत नाही, कारण घड्याळ त्यांनी आधीच काढून खिशात ठेवले होते.

परतीची एस.टी. मोखाड्याहून धरली. केसांत धूळ, अंगाला महानारायण तेलाचा दरवळ आणि अंगप्रत्यंगात ठणका असा मी बसलेलो असताना वाहक आला, त्याने मला न्याहाळले आणि म्हणाला, “आधारकार्ड दाखवा.”

मी थक्क होऊन विचारले, “माझे?”

“तुमचंच, काका. पासष्ट झाल्याचा पुरावा लागतो.”

मी सदऱ्याचे खिसे तपासले, विजारीचे तपासले. आणि मग स्मरण झाले, की कार्ड दाभोशाच्या चिखलासह त्या पहिल्या विजारीत, पिशवीच्या तळाशी आहे. सौभाग्यवती पिशवीत हात घालीत म्हणू लागल्या, “अहो, मी सांगते ना, हे अडुसष्टचे आहेत—” पण मी त्यांना हाताने थोपविले, सरसेनापतींच्या शून्य रुपयांच्या तिकिटाकडे करुणेने पाहिले, आणि पूर्ण तिकिटाचे पैसे मोजून दिले. पुढल्या आसनावर तिकीट तपासनीस बसला होता आणि म्हणून तो वाहक त्या दिवशी सर्वांकडेच पुरावा मागत होता, हे सौभाग्यवतींनी मला त्र्यंबकेश्वरला सांगितले. त्या माहितीची मी दप्तरी नोंद घेतलेली नाही. तिकीट मात्र माझ्या पाकिटात एखाद्या सनदेसारखे घडी करून ठेवलेले आहे. डॉक्टरांचा सल्ला मी तेवढ्यापुरता तंतोतंत पाळतो, आणि ते अतिशय जपून ठेवतो.