फ्लॅटला चालेल का?

पिल्लू विकणारा सगळ्यांना एकच वाक्य ऐकवतो. 'काळजी करू नका साहेब, फ्लॅटला चालेल.' पगबद्दल हेच, बीगलबद्दल हेच, हस्कीबद्दलही हेच. घेणाराही एकच प्रश्न घेऊन आलेला असतो: मोठं झाल्यावर केवढं होईल? गुडघ्यापर्यंत म्हटलं की वन बीएचकेवाला पैसे काढतो. कमरेपर्यंत म्हटलं की तो जरा विचार करून सांगतो म्हणतो. कुत्र्याची उंची आणि घराचा कार्पेट एरिया, या दोन आकड्यांवर दहा-बारा वर्षांची जबाबदारी ठरते. याला रोज किती वेळ बाहेर न्यावं लागेल आणि नेणार कोण, हे दोघांपैकी कुणीच काढत नाही.

माझ्या मते पहिला प्रश्न हाच असायला हवा. घर केवढं आहे हा फार तर तिसरा.

जॅक रसेल टेरियर घ्या. वजन सहा-सात किलो, उंची जेमतेम फूटभर. सोफ्याच्या कोपऱ्यात सहज मावतो. पण एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यात जॉन रसेल नावाच्या पाद्र्याने ही जात जोपासली ती कोल्ह्याला बिळातून हुसकावण्यासाठी. शिकारी घोड्यांच्या मागे पळायचं, जमिनीखाली घुसायचं, उकरायचं, भुंकायचं. ते सगळं त्या सहा किलोंत आजही शाबूत आहे. त्याला चौथ्या मजल्यावर कोंडलं की तो गादी उकरतो, दाराची चौकट कुरतडतो, लिफ्टच्या प्रत्येक आवाजाला भुंकतो. मालक म्हणतो, फार वात्रट आहे. वात्रट कसला, दिवसभर त्याच्या अंगाला काही काम नाही.

आता ग्रेहाउंड. खांद्यापाशी सव्वादोन-अडीच फूट, वजन तीस किलोंच्या आसपास, धावायला लागला की ताशी साठ किलोमीटरच्या पुढे. कुणीही म्हणेल, याला फार्महाउसच लागणार. पण इंग्लंड-अमेरिकेत शर्यतीतून निवृत्त झालेले ग्रेहाउंड लोक दत्तक घेतात आणि फ्लॅटमध्ये सुखाने ठेवतात. एकदा भरधाव पळून झालं की हा प्राणी उरलेला दिवस पसरून झोपतो. ब्रिटनचा केनेल क्लब ग्रेहाउंडला रोज तासाभरापर्यंतचा व्यायाम पुरे मानतो. चिवावाला अर्धा तास. आणि आपल्याकडे ज्याला डोळे झाकून 'फॅमिली डॉग' म्हणतात त्या लॅब्रॅडॉरला दोन तासांहून जास्त. हे शेवटचं वाक्य लॅब घ्यायला निघालेल्या प्रत्येकाने मोठ्याने वाचावं.

आपल्या दख्खनच्या माळावरचा कारवानीही ग्रेहाउंडच्याच वळणाचा. मुधोळ हाउंड या नावाने २००५ साली तो टपाल तिकिटावर आला, २०२० साली पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये त्याचं नाव घेतलं, आणि शहरांत त्याला मागणी वाढली. अभिमान रास्त आहे. पण नजरेने सावज हेरून झेप घेणारा हा कुत्रा पट्ट्याला धरून सोसायटीला चार फेऱ्या मारल्याने निवत नाही. त्याला मोकळं, कुंपणाचं मैदान हवं. ते जवळपास नसेल तर कारवानीचा अभिमान तिकिटावरच ठेवावा.

म्हणजे आकाराला काहीच अर्थ नाही का? आहे. दोन किलोंच्या कुत्र्याला हॉल ते बेडरूम ही खरोखरच धाव असते, चाळीस किलोंच्या कुत्र्याला ती आठ पावलं. मोठ्या जातीचं पिल्लू दीड-दोन वर्षं वाढत असतं. त्या काळात त्याला गुळगुळीत टाइल्सवर चेंडूमागे पळवणं आणि लिफ्ट नसलेल्या इमारतीत रोज जिने चढवणं त्याच्या सांध्यांना महाग पडतं. नॉर्वेत चार मोठ्या जातींच्या पिल्लांवर झालेल्या अभ्यासात असं दिसलं, की तीन महिन्यांच्या आत जिने चढणाऱ्या पिल्लांना पुढे खुब्याचा विकार होण्याचा धोका वाढतो आणि त्याच वयात मोकळ्या जमिनीवर पट्ट्याशिवाय बागडलेल्यांचा कमी होतो. लांब पाठीच्या डॅशहुंडची गोष्ट वेगळी. तो छोटा, म्हणून लोक बिनधास्त असतात. पण सोफ्यावरून रोज मारलेल्या उड्यांनी ज्याच्या मणक्याची चकती सरकायची भीती असते तो हाच.

आकार आणखी एका ठिकाणी आडवा येतो, आणि ते ठिकाण म्हणजे पट्ट्याचं दुसरं टोक. मुलगा-सून कामावर, नातवाची शाळा, मग 'आजोबा फिरवतील'. पस्तीस किलोंचा लॅब्रॅडॉर मांजर दिसल्यावर कसा उसळतो ते पाहिलं आहे का? सत्तरीच्या माणसाच्या मनगटाला पट्टा गुंडाळलेला असतो. खुबा कुत्र्याचा नाही, आजोबांचा मोडतो. मग आजोबा बंद, फिरणं बंद, आणि कुत्रा बाल्कनीत.

कुत्र्याला पुरेसं फिरवलं जातं का, हे मालकाला विचारू नये. सगळे हो म्हणतात. कुत्र्याकडे पाहावं. डांबरावर आणि मातीत रोज चालणाऱ्या कुत्र्याची नखं बरीचशी आपोआप झिजतात; न फिरलेला कुत्रा टाइल्सवरून चालला की टकटक असा आवाज येतो, आणि नखं फारच वाढली असतील तर पंजा तिरका पडायला लागतो. मोठ्या कुत्र्याची कोपरं पाहा. दिवसभर कडक फरशीवर पडून राहिलेल्याच्या कोपरांवरचे केस जातात, तिथे काळसर, जाड घट्टा धरतो. पुढच्या पायावरची एक जागा चाटून चाटून तांबूस झाली आहे का? त्वचारोग असू शकतो, तो डॉक्टरांकडून तपासून घ्यावा. पण पुष्कळदा ते नुसतं रिकामपण असतं. जागेपणीचे तास कशात घालवायचे हे त्याला कळत नाही, म्हणून तो पाय चाटत बसतो.

बंगलेवाल्यांनी इथवर वाचून निर्धास्त होऊ नये. अंगण आहे म्हणजे व्यायाम होतो, हा या विषयातला सर्वांत मोठा गैरसमज आहे. पहिल्या आठवड्यात अंगण हुंगून संपतं. त्यानंतर कुत्रा फाटकापाशी पडून असतो, नाहीतर कंपाउंडच्या भिंतीलगत एकाच रेषेत येरझाऱ्या घालतो. ती रेषा दिसते. तिथे गवत उगवत नाही. आणि बांधलेला असेल तर त्याचं जग साखळीएवढं. वन बीएचकेतला, सकाळ-संध्याकाळ तासभर फिरून येणारा कुत्रा या बंगल्यातल्या कुत्र्याहून कितीतरी सुखी असतो.

आपल्या कायद्याला हे १९६० सालीच कळलं होतं. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याचं कलम ११ वाचा. जो कुत्रा सदोदित साखळीला असतो किंवा कोंडलेला असतो, त्याला वाजवी व्यायाम न देणारा मालक गुन्हेगार आहे, असं त्यात स्वच्छ लिहिलं आहे. मारहाण, उपासमार यांच्याच पंगतीत व्यायाम न देणं बसवलं आहे. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत विषय लावून धरला आणि त्यातून हा कायदा आला. पहिल्या गुन्ह्याला दंड किती? १० ते ५० रुपये. १९६० सालचे ५० रुपये आजही ५० रुपयेच आहेत. कुत्र्याच्या बिस्किटांचा पुडा याहून महाग मिळतो. संसदेने एवढी एक दुरुस्ती केली तरी ती मोठी सुधारणा ठरेल.

जर्मनीने जागेचेही आकडे ठरवले आहेत. कुत्रा बंदिस्त कुत्रेघरात ठेवायचा तर खांद्यापाशी ५० सेंटिमीटरपर्यंत उंचीच्या कुत्र्याला किमान ६ चौरस मीटर, ६५ पर्यंत ८, त्याहून उंच असेल तर १०. म्हणजे सर्वांत मोठ्या कुत्र्यालाही सुमारे १०८ चौरस फूट. आपला ४०० चौरस फुटांचा फ्लॅट त्याच्या जवळजवळ चौपट झाला. मग आनंदच की! पण त्याच नियमावलीत या आकड्यांच्या आधी एक अट आहे: कुत्र्याला कुत्रेघराबाहेर, मोकळ्या हवेत पुरेसं हिंडायला आणि माणसांची नियमित संगत मिळालीच पाहिजे. ती पाळली नाही तर १०८ चौरस फूट काय आणि हजार काय.

आपल्या सोसायट्यांचा हट्ट मात्र अजून आकारावरच. 'मोठे कुत्रे चालणार नाहीत' असे ठराव होतात. भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाने २०१५ साली स्पष्ट केलं आहे, की बहुमताने ठराव करूनही सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही; आकार, जात, भुंकणं ही कारणंही चालत नाहीत. तरी ठराव होतातच. वरच्या मजल्यावरून दुपारभर ऐकू येणारं भुंकणं कुणाचं असतं? बहुधा छोट्या कुत्र्याचं. नऊ ते सहा एकटा कोंडलेला, सकाळी फाटकापाशी पाच मिनिटांत शी-शू उरकून वर आणलेला. फाटकापर्यंत जाऊन येणं हा कुत्र्याचा संडास झाला, व्यायाम झाला नाही. सेक्रेटरींना काही विचारायचंच असेल तर कुत्रा रोज किती फिरतो हे विचारावं.

लॅब्रॅडॉरकडे पुन्हा येतो, कारण महाराष्ट्रातल्या घरोघरी तो आहे आणि घरोघरी तो फुगला आहे. २०१६ साली केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवलं, की साधारण चारातल्या एका लॅबमध्ये एका जनुकाचा तुकडाच गळालेला असतो आणि त्यामुळे तो खाण्यामागे अधिक लागतो. तो भिकारडा नसतो, त्याला खरंच भूक छळते. अमेरिकेत ४८ लॅब्रॅडॉरांवर आयुष्यभर चाललेला एक प्रयोग २००२ साली प्रसिद्ध झाला. जोडीदारापेक्षा पाव हिस्सा कमी खाणारे कुत्रे सडपातळ राहिले आणि जवळपास दोन वर्षं जास्त जगले. दोन वर्षं! आपल्याकडे उलटं चालतं. फिरवायला वेळ नसला की अपराधी वाटतं, अपराधी वाटलं की पोळीला तूप लागतं.

पग आणि हस्की यांच्याबद्दल मी कडक बोलणार आहे. हच या मोबाइल कंपनीच्या २००३ सालच्या जाहिरातीनंतर पग घराघरांत शिरला. चपटं नाक, अरुंद श्वासमार्ग. कुत्रा आपलं अंग मुख्यतः धापा टाकून थंड करतो, आणि याला धापाच नीट टाकता येत नाहीत. एप्रिलमध्ये दुपारी चारला त्याला 'जरा चालवून आणू' म्हणणं जिवावर बेतू शकतं. हस्की तर सैबेरियातल्या चुकची लोकांचा बर्फावरचा गाडीवाला. १९२५ साली अलास्कातल्या नोम गावात घटसर्प पसरला तेव्हा हस्की आणि त्यांच्या जातभाईंनी आळीपाळीने स्लेज ओढत सुमारे १,०८५ किलोमीटरवरून साडेपाच दिवसांत औषध पोचवलं. असा प्राणी ठाण्यात चौदाव्या मजल्यावर एसी लावून ठेवायचा? त्याची धाव भागेल एवढं इथे फिरवलं तर उष्माघात, नाही फिरवलं तर घुसमट. इथे कितीही मोठं घर त्याला पुरणार नाही. हस्की आणू नका.

ज्यांच्याकडे आता कुठलाही कुत्रा आहे त्यांच्यासाठी: उन्हाळ्यात पहाटे आणि रात्री. बाहेर पडण्याआधी तळहाताची मागची बाजू डांबरावर टेकवून पाहा. पाच-सात सेकंद ठेववत नसेल तर त्याचेही पंजे भाजणार. जेवून उठल्या उठल्या खोल छातीच्या मोठ्या कुत्र्याला पळवू नका, पोटाला पीळ पडण्याचा धोका असतो. आणि फिरवताना त्याला हुंगू द्या. फोनवर बोलत, दर खांबापाशी पट्टा ओढत दोन किलोमीटर नेण्यापेक्षा मनसोक्त हुंगत केलेलं अर्धं अंतर त्याला अधिक निववतं. २०१९ सालच्या एका प्रयोगात दोन आठवडे नाकाने शोधायचे खेळ खेळलेले कुत्रे अधिक उमेदीने वागताना दिसले. त्याच काळात नुसतं मालकाच्या पायाशी चालायला शिकलेले तसे बदलले नाहीत.

अजून पिल्लू आणलं नसेल तर महिनाभर पहाटे साडेपाचला आणि संध्याकाळी तासतासभर कुत्र्याविना चालून या. पाऊस असला तरी. महिना निभला तर मोठ्या वयाचा कुत्रा दत्तक घेण्याचा विचार करा. त्याची उंची, वजन, खोडी सगळं समोर असतं, विकणाऱ्याच्या वाक्यावर विसंबावं लागत नाही. आपला गावठी कुत्रा या हवेला पिढ्यान्‌पिढ्या सरावलेला आहे आणि मध्यम बांध्याचा आहे. फ्लॅटला चालेल का म्हणाल, तर तो तुमच्याबरोबर रोज चालेल, तुम्ही चाललात तर.

राहिला प्रश्न चालायचं कुठे. फुटपाथ उखडलेले, मैदानांना कुलपं, बहुतेक बागांच्या फाटकावर पाळीव प्राण्यांना मनाई. कुत्र्याच्या परवान्याचे पैसे मात्र महापालिका घेते. त्या पैशांत प्रत्येक वॉर्डात एका बागेचा एक कोपरा कुंपण घालून द्यावा, पहाटे पाच ते सात उघडा ठेवावा, एक पाण्याचा नळ आणि एक कचऱ्याचा डबा बसवावा. विष्ठा न उचलणाऱ्याला जबर दंड करावा, त्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. नगरसेवक मतं मागायला दारात आले, की त्यांच्याकडे एवढं मागा.