बोनेटखालचे कानसेन

बोनेट उघडलं की हे प्रकटतात. बोलवावं लागत नाही. तुमच्याही गल्लीत एक असणारच, म्हणून ओळख करून देण्यात वेळ घालवत नाही. आमच्या आमगावचे ते काकाजी. शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी पेचकस आणि तोंडात दोन शब्द : "थांबा जी!"

हे "थांबा जी" इंजिनाला नसतं, उरलेल्या जगाला असतं. पेचकसाचं टोक इंजिनाला, मूठ उजव्या कानाला, डोळे मिटलेले, डावा हात वर. मग भाजीवालीनं ओरडायचं नाही, पोरांनी खेळायचं नाही. गावातून मुंबई-हावडा लाइन जाते. एकदा मालगाडी धडधडत आली तर काकाजींनी तिलाही हात दाखवला. ती थांबली नाही, याचा राग त्यांनी दोन दिवस माझ्यावर काढला. पुतणीच्या लग्नात भटजींचं "सावधान" आणि मांडवातल्या पंख्याची किरकिर यांची गाठ पडली. थांबले अर्थातच भटजी. आणि दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे आमच्याकडच्या जत्रेत, रात्रीचं नाटक ऐन रंगात, नायक बापाच्या प्रेतावर कोसळून हंबरडा फोडतोय, तेवढ्यात स्टेजमागून आवाज : "थांबा जी!" यांना जनरेटर ऐकायचा होता. नायक गप्प झाला. प्रेतानं एक डोळा उघडून पाहिलं म्हणतात.

निदान बहुतेक वेळा एकच : "बेरिंग गेली." पंख्याची, पिठाच्या चक्कीची, आमच्या सरपंचांच्या भाषणाचीसुद्धा.

आता माझी मारुती 800. हे मॉडेल 1983च्या डिसेंबरात रस्त्यावर आलं आणि 2014च्या जानेवारीत बनायचं थांबलं. माझी गाडी मात्र थांबायचं नाव घेत नाही. तीन सिलिंडरचं इंजिन, उभ्या जागीही थरथरतं, त्यामुळे थरथर कोणती जन्मजात आणि कोणती आजाराची हे कळत नाही. या दिवाळीत पुढून घर्रघर्र सुरू झाली. वाकून पाहिलं तर एक पुल्ली फिरताना डुगडुगत होती. एका वर्कशॉपनं अर्धं इंजिन उतरवायचा सल्ला दिला. मी गाडी घरी आणली, बोनेट उघडलं, आणि मागून आलंच ते : "थांबा जी!"

त्यांनी आधी चालत्या इंजिनात बेल्टवर पाण्याचा हबका मारला. बेल्टचा दोष असता तर आवाज निदान क्षणभर बदलला असता. घर्रघर्र तशीच. मग बेल्ट उतरवून गाडी मिनिटभरच चालवली. जास्त नाही, कारण बेल्ट नाही म्हणजे पाण्याचा पंप बंद, पाणी फिरत नाही, इंजिन तापतं. घर्रघर्र गायब! म्हणजे इंजिनाच्या पोटात काही नाही. दोष बेल्टवर फिरणाऱ्या दोघांपैकी एकात, आल्टरनेटर नाहीतर पंप. आल्टरनेटर मागच्याच महिन्यात नवा बसवलेला. काकाजींनी इंजिन बंद करून पंपाची पुल्ली दोन्ही बाजूंनी धरून हलवली. टक टक. पंपाखालच्या बारीक भोकापासून कूलंटचा हिरवट ओघळ वाळलेला. "पंपाची बेरिंग गेली," ते म्हणाले. आणि या खेपेला ती खरंच गेली होती.

तेवढ्यावर न थांबता शेजाऱ्याच्या जुन्या डिझेल जीपचीही डुगडुगणारी क्रँक पुल्ली त्यांनी पकडली. तिच्या मधल्या भागापासून बाहेरच्या कड्यापर्यंत खडूची सरळ रेघ ओढली, गाडी सुरू करून बंद केली. रेघेचे दोन तुकडे झाले होते, आतलं रबर सुटलेलं. पैसे विचारले तर म्हणाले, चहा सांगा.

चहा काकूंनी आणला. त्यांच्याकडूनच कळलं : काकाजींचा उभा जन्म राइस मिलमध्ये गेला, शाफ्ट, पट्टे आणि पुल्ल्यांच्या गदारोळात. डावा कान तिथंच गेला, उजवाही निघालाय. म्हणून जगाला थांबवायचं. डॉक्टरांनी कानाचं मशिन सुचवलं तर म्हणाले, "मशिन लावून मशिन आयकू काय?" आता ते कुणी पाहत नसेल तेव्हा पेचकस दातात धरतात, हाडातून थोडं पोचतं.

नवा पंप बसला. काकाजींनी पेचकस लावला, बराच वेळ लावला. चेहरा पडला. गाडी चांगली झाली होती, आणि त्यांचं आमच्याकडचं काम संपलं होतं. मी म्हटलं, "काकाजी, आल्टरनेटरकडून थोडी किरकिर येऊन राहिली जी." तसलं काही येत नव्हतं.

त्यांनी हात वर केला. भाजीवाली गप्प झाली. पेचकस दातात गेला, डोळे मिटले.

"हां," ते म्हणाले. "बेरिंग." आणि आणखी एक चहा सांगितला.